हिशेब सांभाळणाऱ्या माणसावर स्मरणलेख लिहिताना

वाचनालय, गणेशोत्सव मंडळ, गृहनिर्माण संस्था यांचे हिशेब वर्षानुवर्षं विनामोबदला सांभाळणारा माणूस गेला, की शोकसभेत प्रत्येक जण म्हणतो, ‘हिशेब अगदी चोख.’ ते खरं असतं, पण त्यातून माणूस दिसत नाही. त्यांचं आयुष्यभराचं काम संस्थेच्या कपाटातल्या वह्यांत असतं. म्हणून लेखाची सुरुवात आठवणींपासून नको, त्या वह्यांपासून करा.

कार्यवाहांकडून सगळे वार्षिक अहवाल आणि सभांची इतिवृत्तं मागून घ्या. कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: वर्ष, संस्था, पद, पुरावा. ताळेबंदाखाली सही सापडेल तशी नोंद करत जा. दोन संस्थांचं काम एका दिवसात होतं. इथं हमखास होणारी चूक वर्षाची आहे. १९९४-९५ चा अहवाल १९९५ च्या पावसाळ्यात छापलेला असतो. मुखपृष्ठावरचं साल धरलं तर सेवेची सगळी वर्षं एकानं पुढं सरकतात. जुन्या वह्यांत अजून जपा. १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष सगळीकडे सरसकट लागू झालं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी पुष्कळ ठिकाणी दिवाळी पाडव्याला नवी वही घातली जाई, त्यामुळे एकच हिशेबी वर्ष दोन इंग्रजी सालांत विभागलेलं असतं.

पदं नेमकी लिहा. खजिनदार संस्थेचा पैसा सांभाळतो, लेखापरीक्षक बाहेरून येऊन तो तपासतो. एकाच वर्षी एकाच संस्थेत एकच व्यक्ती दोन्ही दिसली, तर टिपणात गफलत आहे असं समजून मूळ कागद पुन्हा पाहा. ‘सी.ए.’ ही उपाधीही सरसकट लावू नका. सहकार क्षेत्रातली कितीतरी जाणती माणसं जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) झालेली असतात, काही करसल्लागार असतात, काही बँकेतून निवृत्त झालेली. नसलेली उपाधी लावणं हा त्यांच्या खऱ्या पात्रतेचा अपमान आहे. घरच्यांकडून प्रमाणपत्र पाहून घ्या.

मग माणसांकडे जा. चार-पाच जण पुरेत: संस्थेचा लिपिक, हाताखाली आर्टिकलशिप (सी.ए. होण्याआधीची उमेदवारी) केलेलं कुणी, वर्गणी गोळा करणारा एखादा कार्यकर्ता, घरचं एक माणूस. ‘ते कसे होते?’ असं विचारलं की विशेषणंच मिळतात. त्याऐवजी विचारा: ‘त्यांनी तुमचं कुठलं व्हाउचर परत पाठवलं होतं? का?’ ‘हिशेब जुळत नसला की ते आधी काय पाहायचे?’ ‘कुणाला पैसे कमी पडले तर काय करायचे?’ हिशेबनिसाचा स्वभाव त्यानं कशाला नाही म्हटलं यात सर्वांत स्पष्ट दिसतो. ‘अत्यंत शिस्तप्रिय’ या शब्दांऐवजी ‘विसर्जनानंतर आठ दिवसांत सगळी पावतीपुस्तकं, कोरीसुद्धा, मोजून घ्यायचे, रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकालाच टाचलेल्या असल्या पाहिजेत’ या धर्तीचं वाक्य मिळालं, की लेख उभा राहतो. अशी तीन वाक्यं मिळेपर्यंत लिहायला बसू नका.

काही गोष्टी मात्र कितीही चांगल्या असल्या तरी बाहेर ठेवायच्या. कुणाचं उत्पन्न, कुणाची कराची अडचण, कुठल्या दुकानाचा तोटा त्यांनी निस्तरला, हे नाव न घेतासुद्धा गावात ओळखू येतं. गुप्तदान देणाऱ्याचं नाव त्यांनी जन्मभर राखलं असेल, तर तुम्हीही राखा. संस्थेतला एखादा जुना अपहार त्यांनी उघड केला असेल, तर इतिवृत्तात आहे तेवढंच लिहा.

लेख ६०० ते ७०० शब्दांचा ठेवा. शोकसभेत वाचायचा असेल तर ४०० पुरेत. मिनिटाला साधारण शंभर शब्द धरले तर चार मिनिटं होतात, आणि पाठोपाठ बोलणारे आणखी असतात. जन्मगाव आणि शिक्षण एका परिच्छेदात आटोपा, जागा कामाला द्या. छापण्याआधी घरच्या एकाला आणि संस्थेच्या एकाला वेगवेगळं वाचायला द्या. घरचे तारखा पकडतात, संस्थेचे पदं.

स्मरणिका काढणार असाल तर पानं चारच्या पटीत धरा: १२, १६, २०. नाहीतर मधल्या पिनेच्या बांधणीत कोरी पानं उरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छपाईत फुटतो. मूळ प्रत घेऊन ३०० डीपीआयवर स्कॅन करा. युनिकोडमधला मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून अंतिम प्रूफ कागदावर तपासा.

ते नोंदणीकृत न्यासाचे विश्वस्त असतील, तर निधनापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे विश्वस्तांमधला बदल कळवणारा अर्ज, द्यावा लागतो. बँकेतल्या सह्याही बदलाव्या लागतात. दुःखाच्या दिवसांत हे मागं पडतं आणि पुढच्या माणसाचं काम अडतं.

त्यांच्या नावानं पारितोषिक ठेवायचं असेल, तर देणगी ‘कायम निधीसाठी’ आहे असं देणगीदारांकडून लेखी घ्या. तसं पत्र नसेल तर ती रक्कम चालू उत्पन्नात जमा होते आणि खर्चून जाते. ५०,००० रुपयांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३,५०० रुपये मिळतात. बक्षीस ३,००० चंच ठेवा, म्हणजे दर उतरला तरी खंड पडणार नाही. बारावीत पुस्तपालनात पहिल्या येणाऱ्यासाठी ते असेल, तर पत्रात ‘किंवा तत्सम विषय’ हे शब्द घाला, कारण विषयांची नावं बदलतात.