हरीण साफ करायला सुरी घेताय? या चुका टाळा

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे. त्यामुळे हे लिहितोय ते अमेरिका-कॅनडात रीतसर परवाना काढून हरणाच्या मोसमात रानात जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे बंदुकीचा नऊ दिवसांचा मोसम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. पहिल्या वर्षी मी नेलेली सुरी अशी होती: सात इंची काळं पातं, पाठीवर करवतीचे दात आणि मुठीच्या टोकाला चक्क होकायंत्र. हरीण मिळालं, पण ते साफ करताना, म्हणजे पोट उघडून आतडी काढताना, सुरीनं घात केला.

पातं लांब म्हणजे काम लवकर, हा गैरसमज

हरणाचं पोट उघडल्यावर श्वासनलिका कापायला हात कोपरापर्यंत छातीत घालावा लागतो. तिथे काही दिसत नाही, सगळं चाचपडत करायचं. तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवली की ती टोकाच्या जवळपास पोचायला हवी, म्हणजे टोक कुठे आहे ते बोटाला कळतं. सात इंची पात्याचं टोक माझ्या बोटापासून चार बोटं पुढे होतं. ते कोथळ्यात घुसलं, आणि अर्धवट पचलेल्या मक्याचा तो वास मी विसरणार नाही. पातं तीन ते चार इंचांचंच घ्या. इथल्या व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तेवढं पुरतं.

टोकाचा आकारही बघा. पाठ टोकाकडे हलकेच उतरत आलेली असेल, तर त्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. अमेरिकेत बॉब लव्हलेस या कारागिरानं हा आकार लोकप्रिय केला तो उगाच नाही. पोटाचं कातडं उघडताना दोन बोटांच्या बेचक्यात पातं धरून, धार वर ठेवून सरकवायचं असतं. टोक पाठीपासून धारेकडे वळलेलं असल्यानं ते आतड्यापासून वर राहतं आणि त्याला सहसा लागत नाही. कातडं नेहमी आतून बाहेर कापायचं. बाहेरून केसांवर सुरी चालवली की धार जाते आणि केस मांसाला चिकटतात. अनेकदा सुरीला दोष देतात, खरा दोष या उलट्या कापण्याचा असतो.

पाठीवर आकडा असलेल्या, म्हणजे गट हूकच्या सुऱ्यांचं माझ्याशी जमलं नाही. नवा असताना आकडा चेन उघडावी तसं पोट उघडतो. मग केस आणि चरबी अडकते, आणि आतल्या वळणाला सपाट दगडावर धार लागत नाही. त्याला गोल, डायमंडची बारीक कांडी लागते. ती जवळ नसेल तर आकड्याच्या भानगडीत पडू नका.

जाड पाठ

आपल्याकडच्या खाटकाला आठवा. हाडावर सत्तूर चालतो, कातडं सोलायला आणि मांस सुटं करायला पातळ सुरी. दोन्ही कामं एकाच हत्यारानं करताना मी तरी कुणी पाहिला नाही. इथे मात्र सहा मिलिमीटर जाडीच्या ‘सर्व्हायव्हल’ सुऱ्या हरणासाठी विकल्या जातात. त्या कापत नाहीत, पाचरीसारख्या फाडतात. अडीच ते साडेतीन मिलिमीटर जाडी भरपूर झाली. आणि कटीचं हाड सुरीनं फोडायला जाऊ नका. माझ्या धारेचा टवका तिथेच उडाला. सांध्यांतून पातं फिरवा, हाडाला छोटी करवत ठेवा.

दुकानात कोरड्या हातानं मूठ पारखणं

रक्त, चरबी, थंडीनं बधिर बोटं आणि मावळतीचा उजेड, या अवस्थेत ती मूठ धरायची आहे. घरी आणल्यावर हाताला भांड्यांचा साबण चोळा आणि सुरी घट्ट धरून कापडाची गुंडाळी कापून पाहा. हात धारेकडे सरकत असेल तर परत करा. गुळगुळीत शिंगाची मूठ शोकेसमध्ये देखणी दिसते, म्हणून तिथेच बरी. रबर किंवा खरखरीत मायकार्टा (कापडाचे थर राळेत दाबून केलेला पदार्थ) चांगलं. आणि रंग नारिंगी घ्या! तपकिरी मूठ ओकच्या पाचोळ्यात ठेवली की गेली.

फुल टँग, म्हणजे मुठीच्या शेवटापर्यंत एकच पोलाद, हवंच असा हट्ट लोक धरतात. लाकडं फोडायची असतील तर ठीक. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या ‘कम्पॅनियन’ या साध्या सुरीत फुल टँग नाही. पातं सुमारे १०४ मिमी, जाडी अडीच मिमी, आणि हरणाला ती आरामात पुरते.

पोलादाच्या नावावर पैसे घालवणं

४२०एचसी किंवा १२सी२७ हे साधं स्टेनलेस एक-दोन हरणांना पुरतं आणि निसण्यावर चार हातांत पुन्हा धारदार होतं. एस३०व्ही हे वरच्या दर्जाचं स्टेनलेस धार जास्त टिकवतं, पण लावायला डायमंडचा दगड आणि सवड दोन्ही लागतात. १०९५ कार्बन पोलादाची धार सुरेख, मात्र ओलं पातं रात्रभर चामडी म्यानात राहिलं तर सकाळी तांबूस गंज हमखास. करडे-निळसर डाग पडले तर घाबरू नका, ती पटिना असते, म्हणजे पोलादावर चढणारा निरुपद्रवी थर.

अर्ध्या कामात सुरी कापेनाशी झाली, तर आधी पातं फडक्यानं पुसा. बरेचदा धार गेलेली नसते, चरबीचा थर बसलेला असतो. तरीही कापत नसेल तर सिरॅमिक कांडीवर दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा फिरवा.

धुण्याचा विचार न करणं

घडीची सुरी मी यासाठीच टाळतो. बिजागरीत गेलेलं रक्त निघता निघत नाही. म्यान प्लास्टिकचं आणि तळाला भोक असलेलं घ्या, म्हणजे नळाखाली धरता येतं.

विस्कॉन्सिनमध्ये तर हा मुद्दा गंभीर आहे. हरणांचा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग इथे २००२ मध्ये सापडला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि ते उकळून नष्ट होत नाही. हातमोजे घाला, मेंदू आणि पाठीचा कणा कापू नका. स्टेनलेस पात्यावरचं मांस-चरबी पूर्ण घासून काढा आणि मग दोन भाग घरगुती ब्लीच, तीन भाग पाणी अशा द्रावणात पाच मिनिटं बुडवा. चरबीखाली ब्लीच पोचत नाही, म्हणून आधी घासणं महत्त्वाचं. लाकडी मूठ हे द्रावण शोषून घेते. पाच मिनिटं झाली की लगेच भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं करा, कारण ब्लीच स्टेनलेसलाही खड्डे पाडतं.