सारख्याच दिसणाऱ्या मॉर्मिरिड माशांच्या जाती वेगळ्या कशा करायच्या?

गॅबनमधल्या इविंडो नदीच्या ओढ्यांत जाळं टाकलं की मॉर्मिरिड कुळातल्या पॅरामॉर्मायरॉप्स प्रजातीचे (म्हणजे जीनसचे; तिच्यात अनेक जाती येतात) करडे-तपकिरी मासे एकाच खेपेत मिसळून निघतात. सगळे भावंडंच वाटतात. नवा विद्यार्थी शरीराची मापं घ्यायला लगेच कॅलिपर काढतो, आणि इथेच क्रम चुकतो. हे मासे शेपटीच्या देठातल्या अवयवातून क्षीण विजेचे स्पंद सोडतात. स्पंदाचा आकार बहुतेक जातींत ठरलेला असतो, पण तो नोंदवता येतो फक्त जिवंत माशाचा. म्हणून आधी स्पंद, मग फोटो, मग डीएनएसाठी ऊतकाचा तुकडा, शेवटी मासा टिकवायला फॉरमॅलिन.

मासा ज्या ओढ्यात सापडला त्याच ओढ्याचं पाणी प्लास्टिकच्या पेटीत घ्या. पेटी धातूची नको. या पट्ट्यातल्या पाण्याची विद्युतवाहकता फार कमी असते, आणि वाहकता बदलली की काही जातींच्या स्पंदाचा आकारही बदलतो. एका वेळी एकच मासा, जाळीच्या नळीत, मधोमध. पेटीच्या दोन टोकांना सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड, पुढे दोन्हींमधला फरक तेवढा वाढवून देणारा डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर. डोकं धन इलेक्ट्रोडकडे असलं की मुख्य धन शिखर वर दिसतं. मासा नळीत उलटा फिरला आणि लक्षात आलं नाही, तर आलेख उलटा येतो आणि कागदावर एक खोटी ‘नवी जात’ जन्माला येते. पॅरामॉर्मायरॉप्समधल्या मॅग्नोस्टायपीस या गटात उलट्या ध्रुवतेचे स्पंद खरोखरच सापडतात. त्यामुळे आलेख विचित्र वाटला म्हणून तो आपल्या मनाने सुलटा करू नका. डोक्याची दिशा प्रत्येक फाइलच्या नावातच लिहा.

सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे सेकंदाला किती बिंदू नोंदवायचे त्यात, काटकसर नको. काँगो नदीतल्या कॅम्पिलोमॉर्मायरस कंप्रेसिरोस्ट्रिसचा स्पंद सुमारे 0.2 मिलिसेकंदाचा, तर त्याच्याच प्रजातीतल्या त्शोक्वेचा सुमारे 4 मिलिसेकंदांचा. साध्या साउंड कार्डवर, म्हणजे 44.1 किलोहर्ट्‌झवर, पहिल्याचे जेमतेम नऊ बिंदू हाती लागतात; 200 किलोहर्ट्‌झवर चाळीस. साउंड कार्डची दुसरी खोड अशी की ते खालच्या वारंवारता कापतं. त्यामुळे लांब स्पंदाची शेपूट शून्यरेषेपलीकडे झुकते आणि नसलेला टप्पा दिसू लागतो. आवाज टिपायला केलेलं यंत्र आहे ते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक माशाचे निदान दहा स्पंद घ्या, एकही शिखर वर कापलं गेलेलं नाही ना ते बघा, मगच सरासरी काढा.

तापमान प्रत्येक नोंदीसोबत हवंच. दहा अंशांमागे स्पंद साधारण दीडपट जलद होतो असं धरलं, तर 25 अंशांवर 1 मिलिसेकंद भरणारा स्पंद 22 अंशांवर सुमारे 1.13 मिलिसेकंद भरतो. जवळच्या दोन जातींत कधीकधी एवढाच फरक असतो. सगळ्या नोंदी 25 अंशांवर आणून मगच तुलना करा. स्पंद कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, याचा उंबरठाही एकच ठेवा. मुख्य शिखराच्या 2 टक्के हा सोयीचा. निम्म्या नोंदी 2 टक्क्यांवर आणि निम्म्या 5 टक्क्यांवर मोजल्या तर जातींमधला फरक नव्हे, तुमचा आळस मोजला जाईल.

आता सर्वांत फसवी जागा. मुख्य शिखराच्या आधी एक चिमुकला ऋण टप्पा येतो, त्याला पी0 म्हणतात. विद्युतपेशीचा (वीज तयार करणाऱ्या पेशीचा) देठ पेशीच्या आरपार जात असेल तरच तो उमटतो. तो इतका लहान असू शकतो की उभा अक्ष ताणल्याशिवाय दिसतच नाही, आणि गोंगाटात सहज बुडतो. पण पी0 आहे किंवा नाही एवढ्यावरून जात ठरवू नका: पॅरामॉर्मायरॉप्स किंग्जलेयी या एकाच जातीच्या काही समूहांत तो असतो, काहींत नसतो. मॅग्नोस्टायपीस गटात तर एकाच ठिकाणी वेगवेगळे स्पंद सोडणारे प्रकार सापडले, पण मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) चाचणीत त्यांच्यात फरक निघाला नाही.

लिंग आणि वय हेही बघायला हवं. अनेक जातींत प्रजननकाळात नराचा स्पंद मादीपेक्षा बराच लांबतो, आणि बंदिवासात तो पुन्हा आखडू शकतो. म्हणून नोंद पकडल्या दिवशीच घ्या. प्रौढ नर ओळखायला गुदपराचा तळ बघा: तिथे शरीराची कड आत वळलेली दिसते. पिल्लांचा स्पंद वेगळाच असतो. त्यांना तुलनेत घेऊच नका.

ऊतकासाठी उजव्या बाजूचा अधरपर (पोटाखालचा पर) कापा आणि 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. मोजमापं डावीकडून घेतात, म्हणून डावी बाजू शाबूत हवी. गुदपराला हात लावू नका, त्याचे अर (पराला आधार देणाऱ्या काड्या) मोजायचे असतात. भुलीच्या औषधाची जास्त मात्रा देऊन मासा शांतपणे मारा, 10 टक्के फॉरमॅलिनमध्ये दोन आठवडे ठेवा, पाण्यात धुवा, मग 70 टक्के इथेनॉलमध्ये हलवा. फॉरमॅलिननंतर डीएनए काढणं जवळपास हात टेकण्यासारखंच. माशाचा, फाइलचा आणि ऊतकाच्या कुपीचा क्रमांक एकच असावा. तो तुटला तर बाकी मेहनत वाया.

शरीरावर शेपटीच्या देठाभोवतीचे खवले (अनेक जातींत 12), पृष्ठपर आणि गुदपराचे अर, डोक्याची लांबी आणि शरीराची उंची एवढं पुरेसं आहे. पेट्रोसेफॅलस या दुसऱ्या मॉर्मिरिड प्रजातीत मात्र पृष्ठपराखालचा ठिपका आणि शेपटीच्या मुळाशी असलेली खूण फार कामाची, आणि फॉरमॅलिनमध्ये रंग फिके पडतात. ताज्या फोटोला पर्याय नाही.

एका मायटोकॉन्ड्रियल जनुकावर निकाल लावू नका. इविंडोतला हा समूह अगदी अलीकडे वेगवेगळ्या जातींत फुटलेला असल्याने वेगळ्या जातींतही जनुकाचा तोच प्रकार मिळतो. मत्स्यालयाच्या दुकानातला ‘एलिफंट नोज’ हा मॉर्मिरिड मासा स्पंद नोंदवण्याच्या सरावाला उत्तम. पण कोणत्या नदीतला ते ठाऊक नसल्याने वर्गीकरणात त्याचा उपयोग नाही. गॅबनमध्ये नमुने गोळा करायचे तर सेनारेस्त या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी लागते आणि पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये चालतो, म्हणून भाषेची तयारी आधीच सुरू करा. आणि ठरत नसेल तर नाव देऊ नका. व्हीएडी, एसझेडए अशा तीन अक्षरी संकेतांवर संशोधकांनी कित्येक रूपं अशीच नोंदवून ठेवली आहेत.