फुलं पेन्सिलीत काढताय? या चुका टाळा

लाल फूल समोर आलं की नवशिक्याचा हात थेट ६बीकडे, म्हणजे अगदी मऊ, काळ्या पेन्सिलीकडे जातो. दर बॅचला हेच बघतोय. विचारलं की उत्तर ठरलेलं: "लाल गडद असतो ना!" अहो, लाल भडक असतो. भडकपणा ग्रॅफाइटला, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाला, दाखवता येत नाही. त्याच्या हातात फक्त उजेड आणि अंधार.

एका विद्यार्थिनीने लाल जास्वंद काढली होती. पाकळ्या दाबून घासून काळ्याकुट्ट, आणि पानं फिकट राखाडी, कारण म्हणे हिरवा सौम्य रंग. फूल जळाल्यासारखं दिसत होतं. खरी गोची पुढे झाली. जास्वंदीचा गळा आत गर्द मरून असतो; तो काढायची वेळ आली तेव्हा पेन्सिलीत अंधार शिल्लकच नव्हता. खोडायला गेली, तर कागदाचे कंगोरे दबलेले आणि ग्रॅफाइट चकाकतंय. जोर लावला की त्याचे बारीक पापुद्रे आडवे बसतात आणि आरशासारखा उजेड परत फेकतात, म्हणजे जिथे सगळ्यात काळं हवं तिथेच पांढरट झाक. नवा कागद घ्यायला लावला. बाईसाहेब रुसल्या.

दुसऱ्या खेपेला तिला आधी डोळे किलकिले करून बघायला सांगितलं. पाकळी आणि पान जवळजवळ एकाच छटेत, म्हणजे एकाच गडदपणात मिसळले, पान उलट किंचित गडदच. फक्त त्याची चकाकी पांढरी. मग पाकळ्या मधल्या एचबीत (बीचा आकडा वाढतो तशी पेन्सिल काळी होते), घड्या २बीत, पान २बीचे हलके थर देऊन, आणि ४बी फक्त गळ्यासाठी. पिवळे परागकोश जवळपास कोरे.

मी स्वतः चित्राच्याच कागदाच्या पट्टीवर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ छटांचे चौकोन करून ठेवतो. पट्टी पाकळीला लावायची, डोळे मिटत आणायचे, जो चौकोन विरघळतो तो आपला. हे करायला लोकांना कंटाळा येतो. त्यांना फोनचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर हवा असतो. वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका: तोच लाल एका फिल्टरमध्ये काळपट येतो, दुसऱ्यात फिका. आणि संध्याकाळच्या मंद उजेडात छटा ठरवू नका. तेव्हा डोळ्याला लाल जास्त काळा आणि हिरवा उजळ दिसतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच हे नोंदवलंय.

पिवळ्या फुलाची गंमत वेगळी. गोलाई आणायच्या नादात सावली इतकी ओढतात की सूर्यफूल राखेचं होतं. पिवळ्या पाकळीची सावलीसुद्धा बहुतेक वेळा उन्हातल्या गर्द पानापेक्षा उजळ असते. तिथे एच किंवा २एच ही कडक, फिकी पेन्सिल, बस.

बोटाने घासणं बंद करा. कातडीचं तेल कागदात उतरतं आणि डाग पडतात. हाताखाली कोरा कागद ठेवा. टोक बोथट झालं की थांबून तासा.

शिरा काळ्या रेघांनी आखू नका. बऱ्याच पानांवर त्या आजूबाजूपेक्षा फिक्या असतात. त्या कोऱ्या सोडून मधला भाग भरायचा. वेळ लागतो, लागू दे.

पांढरं फूल? त्याला हात कमी लावा आणि मागचं पान नीट गडद करा.