व्हायोलिन-पियानो सोनाटाचं रेकॉर्डिंग ऐकून व्हायोलिनवादक कसा जोखायचा

पहिल्यांदा ऐकताना व्हायोलिनवर कान लावूच नका, पियानो ऐका. विचित्र वाटेल, पण मोझार्टच्या ज्या सोनाटा, म्हणजे काही भागांत बांधलेल्या वाद्यरचना, १७७८ मध्ये पॅरिसला छापल्या गेल्या त्यांच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की या कीबोर्डच्या सोनाटा आहेत, व्हायोलिनच्या साथीसह. बेथोव्हेनच्याही व्हायोलिन सोनाटांवर नाव आधी पियानोचं येतं. म्हणजे पियानोवाला मागे साथीला बसलेला नाही, हा दोघांचा संवाद आहे, आणि ज्याला हे उमजलेलं नाही तो व्हायोलिनवाला कितीही गोड वाजवू दे, माझ्या लेखी तो अर्धाच.

मी स्वतः नवीन वादक ऐकायला घेतला की बेथोव्हेनची 'स्प्रिंग' सोनाटा लावते, एफ मेजर (मेजर म्हणजे उजळ रंगाची स्वरपट्टी, मायनर म्हणजे उदास), ओपस म्हणजे रचना क्रमांक २४. सुरुवात अगदी सोपी आहे, व्हायोलिन एक सूर लांब धरतं आणि मग ती सुरावट खाली ओघळत येते, सगळ्यांना आवडते, कुणीही वाजवली तरी छानच वाटते. त्यामुळे पहिल्या दहा बारांवर (बार म्हणजे नोटेशनमधलं तालाचं एक माप) मत बनवू नका. अकराव्या बारला तीच सुरावट पियानो घेतो आणि व्हायोलिनकडे साधी साथ येते, आता ऐका तो काय करतो ते. आवाज आत घेतो का? बोचं, म्हणजे गजाचं, वजन कमी करतो का? की तेवढ्याच थाटात, तेवढाच व्हायब्रेटो (बोटाने सुराला दिलेला कंप) देत त्या साथीच्या सुरांनाही मिरवत राहतो? हे वीस-तीस सेकंदच, पण माणूस तिथेच कळतो. आणि मग हेही बघा की पियानोवाल्याने ती सुरावट जशी वळवली त्याची काही खूण व्हायोलिन परत आल्यावर दिसते का, का याने घरून पाठ करून आणलेलं तसंच्या तसं वाजवलं.

दुसरी जागा मोझार्टची ई मायनर सोनाटा, के. ३०४ (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). ही १७७८ चीच, त्याच वर्षी जुलैमध्ये पॅरिसला त्याची आई गेली. दोनच मूव्हमेंट, म्हणजे भाग, आहेत आणि पहिलीच्या सुरुवातीला दोन्ही वाद्यं तीच सुरावट एकत्र वाजवतात, हळू आवाजात, खाली कसलीही हार्मनी, म्हणजे जोडीला वाजणारे वेगळे सूर, नाही. लपायला जागाच नाही. इथे आपल्या लोकांना एक फायदा आहे आणि एक अडचण. फायदा हा की तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला सूर जरा हलला तरी लगेच टोचतो. अडचण ही की पियानो समान अंतरांत लावलेला असतो, त्याचा गंधार आपल्या शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वरांतराचा शंभरावा भाग) चढा असतो, त्यामुळे व्हायोलिनवाल्याला जिथे पियानोबरोबर तोच सूर आहे तिथे पियानोला मिळवून घ्यावं लागतं आणि जिथे सुरावट त्याची एकट्याची आहे तिथे थोडी मोकळीक घेता येते. तेव्हा "बेसूर आहे" म्हणायच्या आधी बघा की तो कुठे कशाला धरून वाजवतोय. एकत्र वाजवताना दोघं एकच वाद्य वाटतात का, एवढंच विचारा.

यासाठी मापाला धरायचं रेकॉर्डिंग म्हणजे व्हायोलिनवर आर्थर ग्रुमियो आणि पियानोवर क्लारा हास्किल यांचं, १९५८ मधलं. हास्किल लहानपणी व्हायोलिनही शिकलेली आणि ग्रुमियो पियानो इतका वाजवायचा की मोझार्टची एक आणि ब्राम्सची एक सोनाटा त्याने दोन्ही वाद्यं स्वतः वाजवून, एकावर एक रेकॉर्ड करून काढली. समोरच्याच्या हातात काय अडचण आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते ऐकू येतं, म्हणजे एक वाक्य संपताना दुसरा आधीच श्वास घेऊन तयार असतो. हास्किल १९६० च्या डिसेंबरमध्ये ब्रसेल्सच्या स्टेशनवर पडली आणि त्यातच गेली, दुसऱ्या दिवशी ग्रुमियोबरोबरच कार्यक्रम होता. हे माहीत झाल्यापासून मी ती ई मायनर घाईत कधीच लावत नाही.

आता तुलना करताना काही गोष्टी सांभाळा. दोन रेकॉर्डिंगचा आवाज हाताने सारखा करून घ्या, कारण जे मोठ्याने वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. माइक कुठे आहे तेही ओळखा, बऱ्याच जुन्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन अगदी पुढ्यात आणि पियानो पलीकडच्या खोलीत, तो दोष वादकाच्या माथी मारू नका. पूर्ण सोनाटा नको, एकच मूव्हमेंट, तीन वादक, आणि प्रत्येकाचं झालं की एक ओळ लिहून ठेवा, दुसऱ्याचं मत वाचायच्या आधी. नोटेशन वाचता येत नसेल तरी हरकत नाही, पण येत असेल तर समोर ठेवा, बेथोव्हेनने जिथे आवाज अचानक कमी करायला लिहिलंय तिथे तो खरंच कमी होतोय का ते बघायला.

काळही लक्षात घ्या. व्हायोलिनवर क्राइस्लर आणि पियानोवर रखमानिनॉव्ह असं १९२८ चं बेथोव्हेन ऐकलंत तर सुरावरून सुरावर घसरत जाणं ऐकू येईल, आपल्या मींडेच्या जवळचं. ती त्या पिढीची बोली आहे, चूक नाही. याउलट आजची व्हायोलिनवादक इझाबेल फाउस्ट व्हायब्रेटो जपून वापरते, तो तिला येत नाही म्हणून नव्हे. मोझार्टसाठी तिच्याबरोबर मेल्निकोव्ह फोर्टेपियानोवर, म्हणजे मोझार्टच्या काळच्या धाटणीच्या पियानोवर, आहे, त्याचा आवाज लवकर विरतो, त्यामुळे व्हायोलिनला ओरडावं लागत नाही. व्हायोलिनवर ओइस्त्राख आणि पियानोवर ओबोरिन, असं १९६२ चं बेथोव्हेन याच्या दुसऱ्या टोकाला, भरदार, रुंद आवाज, तरी पियानोला वाट करून देणारा. मला दोन्ही हवेत.

आणि शेवटी एक लाइव्ह ऐकाच, कारण स्टुडिओत तुकडे जोडता येतात. व्हायोलिनवर योझेफ सिगेती आणि पियानोवर बेला बार्टोक, वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस, १३ एप्रिल १९४०, त्यातली बेथोव्हेनची 'क्रॉइत्झर' सोनाटा. सिगेतीचा आवाज गोड नाही, बो कधी कधी खरखरते, आधीच सांगते. सुरुवातीला व्हायोलिन एकटंच आहे, चार बार, मग पियानो येतो आणि रंग मेजरचा मायनर होतो. तो बदल ऐका, बार्टोक आत आल्यावर सिगेतीचा पुढचा सूर कसा बदलून येतो ते ऐका, आणि मग तुमच्या आवडत्या वादकाची तीच जागा लावा.