फुटबॉल मॅनेजर: खेळाडूला दुसरा पासपोर्ट मिळवून देण्याचा हिशोब

फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये स्पॅनिश क्लब सांभाळायला घेतला की पहिल्याच उन्हाळ्यात गाडी अडते. ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमध्ये, युरोपियन युनियनबाहेरचे तीनच खेळाडू रजिस्टर करता येतात, आणि परवडणारी गुणी पोरं नेमकी ब्राझील, उरुग्वे, कोलंबियात सापडतात. माझ्या सेव्हमध्ये (जतन करून पुढे चालवलेल्या डावात) उरुग्वेचा एक लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, हाताशी आला होता, पैसेही होते, पण जागा नव्हती. त्याच्यासाठी एकाला विकावं लागलं. तेव्हापासून मी नागरिकत्वाचा हिशोब पगाराच्या हिशोबाइतकाच मन लावून ठेवते.

सगळ्यात आधी खेळाडूच्या प्रोफाइलवर त्याचं दुसरं नागरिकत्व बघा. अर्जेंटिनातल्या कितीतरी घराण्यांचे पूर्वज इटलीतून आलेले, त्यामुळे तिथल्या बऱ्याच खेळाडूंकडे जन्मापासून इटालियन नागरिकत्व असतं. असा खेळाडू त्या तिनांत मोजला जात नाही. म्हणून शोध घेताना नागरिकत्वाची अट टाकून बघायची सवय लावा. दोन सारख्या खेळाडूंपैकी इटालियन पासपोर्टवाला थोडा महाग असला, तरी मी तोच घेते.

ज्याच्याकडे दुसरा पासपोर्ट नाही, त्याला तो देशात राहून मिळवावा लागतो. किती वर्षं, हे देशागणिक वेगळं. प्रत्यक्षातल्या स्पॅनिश कायद्यात सर्वसाधारण अट १० वर्षांची आहे, पण लॅटिन अमेरिकन देश, पोर्तुगाल, फिलिपिन्स, इक्वेटोरियल गिनी अशांच्या नागरिकांना २ वर्षं पुरतात. ब्राझीलचा व्हिनिसियस २०१८ मध्ये रेआल माद्रिदला आला आणि २०२२ मध्ये स्पॅनिश नागरिक झाला. लगेच क्लबची एक जागा मोकळी झाली. म्हणूनच स्पेनमध्ये जपानच्या खेळाडूपेक्षा कोलंबियाचा खेळाडू सोयीचा. गेममधली मुदत मात्र तुमच्या आवृत्तीतच तपासा. बेल्जियममध्ये पोरं तीन वर्षं ठेवून युरोपियन पासपोर्ट मिळवायचा, ही जुन्या मंडळींची आवडती युक्ती. प्रत्यक्षात बेल्जियमने २०१३ पासून ती मुदत पाच वर्षांवर नेली. पाठ असलेल्या आकड्यावर तीन मोसमांचं नियोजन करू नका.

आता खरी मेख तारखेत आहे. माझा लेफ्ट बॅक २९ जानेवारीला आला. दोन वर्षांनी पासपोर्टची बातमी इनबॉक्समध्ये आली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि तोवर ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद. त्या जागेसाठी हेरून ठेवलेला कोलंबियन स्ट्रायकर जुलैपर्यंत थांबला नाही, दुसरीकडे गेला. तोच लेफ्ट बॅक आधीच्या जुलैत घेतला असता, तर दोन वर्षं विंडो उघडतानाच भरली असती आणि रिकाम्या जागेला हातात आख्खा उन्हाळा मिळाला असता. त्यामुळे दक्षिण अमेरिकेतली खरेदी मी आता जुलैच्या पहिल्या आठवड्यातच उरकते. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन तारखा असतात: आला कधी, दिवस भरतात कधी, त्यानंतरची विंडो बंद होते कधी. दिवस भरले त्याच दिवशी पासपोर्ट मिळेल असं मात्र धरू नका, महिनाभर हाताशी ठेवा.

अगदी कोवळ्या पोरांच्या बाबतीत अठरावा वाढदिवसही लिहून ठेवायचा. फिफाच्या नियमानुसार दक्षिण अमेरिकेतला मुलगा अठरा पूर्ण झाल्याशिवाय तुमच्याकडे येऊ शकत नाही. सोळाव्या वर्षी सौदा ठरला म्हणून मुदत तेव्हापासून मोजायची नाही, तो स्पेनमध्ये राहायला येतो तेव्हापासून मोजायची.

मधल्या काळात त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे, पाठवायचंच असेल तर देशातल्या देशात पाठवा. हॉलंडचा क्लब पूर्ण पगार देतो म्हणाला तरी नको. राहायचं स्पेनमध्ये आहे, हॉलंडमधल्या वर्षाचा इथे उपयोग नाही. सेगुंदात, म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, बाहेरच्यांना दोनच जागा असतात, म्हणून लोन मागणाऱ्या क्लबकडे जागा शिल्लक आहे का ते आधी बघा. नाहीतर पोरगा वर्षभर बाकावर बसतो. पोर्तुगालच्या लीगमध्ये अशी मर्यादाच नाही, तिथला क्लब घेणाऱ्याला हे सगळं बरंच निवांत जातं.

नवा पासपोर्ट आणि ‘होमग्रोन’ यांची गल्लत करू नका. होमग्रोन व्हायला १५ ते २१ या वयात तीन वर्षं त्या देशाच्या क्लबमध्ये काढावी लागतात, नागरिकत्व कुठलंही चालतं. आणि पासपोर्ट मिळाला म्हणजे राष्ट्रीय संघाचं दार उघडलं असंही नाही. रक्ताचं नातं नसेल आणि खेळाडू अठरानंतर आला असेल, तर फिफा त्या देशात पाच वर्षांचं वास्तव्य मागते. माझा लेफ्ट बॅक क्लबसाठी स्पॅनिश झाला, स्पेनच्या संघासाठी अजून तीन वर्षं नाही. डेको १९९७ मध्ये ब्राझीलहून पोर्तुगालला आला, २००२ मध्ये नागरिक झाला, आणि मार्च २००३ मध्ये पोर्तुगालकडून पहिल्याच सामन्यात ब्राझीलविरुद्ध फ्री किकवर गोल केला.

भारताचा संघ सांभाळायचा विचार असेल तर हे गणित फार कठीण. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला त्याचा परदेशी पासपोर्ट सोडावा लागतो. बालेवाडीला पुणे एफसीच्या मॅच बघितलेल्यांना इझुमी अराता आठवत असेल. वडील भारतीय, आई जपानी. जपानी पासपोर्ट सोडून तो २०१२ मध्ये भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. मला त्याचं फार अप्रूप वाटतं. म्हणून भारताच्या सेव्हमध्ये परदेशातल्या नावांची यादी करण्यात मी वेळ घालवत नाही, गोवा आणि मिझोरमच्या अकादम्यांवर स्काउट लावते.