आकाशगंगेच्या कडेचे तारे वाचायचे तर

उन्हाळ्यात धनू-वृश्चिकाकडे दिसतो तो आकाशगंगेचा गाभा. कडेकडे बघायचं तर आंबा मोहरायला लागल्यावर बघा. जानेवारीच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास सारथी हा तारकासमूह जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या टोकाशी अग्नी हा तारा. अग्नीच्या जरा पूर्वेला आकाशगंगेच्या केंद्राच्या बरोबर उलट दिशा येते. चंद्र नसलेली रात्र निवडा.

इथे गुहागरला पाहुणे दुर्बीण घेऊन थेट किनाऱ्यावर जातात. मी आगरातच बसते. किनाऱ्यावर बोटींचे दिवे डोळ्यांत येतात, खारा वारा काचेवर बसतो. माडांमधून डोक्यावरचं आकाश मोकळं असलं की पुरे. चटईवर आडवे व्हा. काच लगेच कापडाने पुसू नका, वाळूमिठाने ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने हवा मारा.

अग्नीपासून सारथीच्या पंचकोनातल्या पूर्वेकडच्या शेजारी ताऱ्यापर्यंत मनात रेघ ओढा. रेघेच्या साधारण मध्यावर, पंचकोनाच्या आत एम ३६ आणि बाहेर जवळपास तितक्याच अंतरावर एम ३७, हे दोन तारकागुच्छ. १०×५० च्या बायनॉक्युलरमधून दोन्ही धुरकट ठिपके दिसतील. रंगांसाठी चार-सहा इंची दुर्बीण हवी.

आता घाई करू नका. एम ३६ मध्ये सगळे निळसर-पांढरे तारे, फुगलेला तांबडा राक्षसी तारा एकही नाही: वय सुमारे अडीच कोटी वर्षं. एम ३७ च्या मधोमध नारिंगी तारा आहे, तोच शोधा. या गुच्छाचं वय सुमारे ५० कोटी वर्षं. तिथले सर्वांत तापट निळे तारे कधीच संपलेत, काही फुगून तांबूस झालेत. दोन्ही गुच्छ आपल्यापासून चार-साडेचार हजार प्रकाशवर्षं बाहेरच्या बाजूला. आकाशगंगेची तबकडी त्यापुढेही बरीच पसरलेली आहे.

अगदी कडेला काय असतं, ते शेजारच्या एम ३३ दीर्घिकेत हबल दुर्बिणीने दाखवलं. मला हे फार विलक्षण वाटतं: केंद्रापासून बाहेर जाताना तारे सरासरीने तरुण होत जातात, पण सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांपलीकडे पुन्हा म्हातारे. तिथे वायू विरळ, नवे तारे फारसे घडत नाहीत. आत जन्मलेले तारे सर्पिल फाट्यांच्या ओढीने बाहेर सरकतात, असा त्याचा एक खुलासा आहे. इतका पल्ला गाठायला वेळ लागतो, म्हणून पोचलेले बहुतेक जुने.

रंग दिसला की तिथेच, तांबड्या टॉर्चच्या उजेडात वहीत लिहा. नकाशा नंतर उघडा.