ग्रेडियस २ मध्ये एकदा मेलात की सगळंच संपतं? या चुका टाळा

कोनामीचा 'ग्रेडियस २' १९८८ साली जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशिनवर, आला. आडवी सरकणारी स्क्रीन, व्हिक व्हायपर नावाचं चिमुकलं यान आणि समोरून रांगेने येणारे शत्रू. पहिल्या भागापेक्षा हा कितीतरी देखणा. खेळायला घेतल्यावर पहिली पाच मिनिटं वाटतं, जमलं की! मग तिसऱ्या स्टेजच्या आसपास यान फुटतं, जमवलेलं सगळं जातं आणि उरलेली यानंही त्याच जागी एकापाठोपाठ एक फुटतात. गेम अवघड आहे यात वाद नाही. पण बहुतेकांचं गाडं अडतं ते पॉवरच्या, म्हणजे हत्यार घेण्याच्या, बटणावर. गोळ्या चुकवायला हात आपोआप शिकतो. ते बटण कधी दाबायचं हे मात्र डोक्याने ठरवावं लागतं.

आधी बघा, उघडलाय तो गेम नेमका कोणता

१९८७ साली एमएसएक्स या घरगुती कॉम्प्युटरसाठीही एक 'ग्रेडियस २' निघाला होता. तो पूर्ण वेगळा गेम आहे, त्यातलं यानही वेगळं, मेटॅलियन नावाचं. आर्केडवाल्या गेमच्या नावात रोमन आकडा आहे, एमएसएक्सवाल्याच्या नावात साधा. त्यात भर म्हणजे युरोपात आर्केडचा गेम 'व्हल्कन व्हेंचर' या नावाने गेला, आणि कोनामीच्या २०१९ च्या आर्केड संग्रहात तो याच नावाने सापडतो. यूट्यूबवर बघितलेल्या युक्त्या तुमच्याकडे लागू होत नसतील तर आधी हे तपासा. घरगुती गेम मशिनांपैकी फॅमिकॉमची आवृत्ती, पीसी इंजिनची आवृत्ती (तिच्यात वाळवंटाची एक स्टेज जास्तीची आहे), सगळ्यांत फरक आहेत. आज नव्याने घ्यायचा असेल तर २०२५ चा 'ग्रेडियस ओरिजिन्स' हा संग्रह सोयीचा. त्यात ७ गेम १८ आवृत्त्यांमध्ये आहेत आणि सरावाची सोय चांगली आहे.

कॅप्सूल मिळाली की बटण दाबायचं, ही सगळ्यात मोठी चूक

ठरावीक शत्रू मारले किंवा अख्खी रांग उडवली की कॅप्सूल मिळते. प्रत्येक कॅप्सूलसरशी खालच्या पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो. घरं सहा: वेग, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. हव्या त्या घरावर उजेड आला की बटण दाबायचं. ते हत्यार मिळतं आणि पट्टी पुन्हा शून्यावर येते.

आता हिशोब मांडा. वेग दोनदा घेतला तर २ कॅप्सूल, मिसाइलला २, लेझरला ४, चार ऑप्शनना पाच-पाच धरून २०, ढालीला ६. एकूण ३४. यात कुठेही उतावीळपणे बटण दाबलं की ती उधळपट्टी पुढच्या दोन स्टेजपर्यंत नडते.

नवखे खेळाडू हमखास अडकतात ते डबलमध्ये. उजेड तिसऱ्या घरावर आला, हात शिवशिवले, दाबलं. डबल तिरक्या गोळ्या मारतं, छान वाटतं. पण डबल आणि लेझर एकत्र ठेवता येत नाहीत. लेझर घेतला की डबल गेलं आणि तीन कॅप्सूल पाण्यात. माझा क्रम असा: एक वेग, मग मिसाइल, मग दुसरं काहीही न बघता सरळ दोन ऑप्शन, आणि त्यानंतर लेझर. ऑप्शन म्हणजे यानामागे फिरणारा तो चमकणारा गोळा. तो तुमच्याइतकीच गोळीबारी करतो आणि त्याला मरण नाही. पहिला ऑप्शन मिळाला की मारा दुप्पट होतो. याहून किफायतशीर दुसरं घर त्या पट्टीवर नाही.

आणखी एक खाचखळगा: घेऊन झालेल्या हत्याराचं घर रिकामं दिसतं, पण उजेड त्यावरही थांबतोच. तिथे बटण दाबून काही होत नाही. याचा फायदा ढालीसाठी करून घेता येतो. ढाल चालू असताना शेवटचं घर रिकामं असतं. उजेड तिथे नेऊन उभा करून ठेवा. ढाल संपली की घर पुन्हा भरतं, त्याच क्षणी बटण दाबा, नवी ढाल हजर. मधल्या काळात समोरून कॅप्सूल तरंगत आली तर ती सरळ सोडून द्यायची, कारण ती घेतली की उजेड फिरून पहिल्या घरावर, वेगावर येतो. अशा वेळी ढाल फुटली आणि घाबरून बटण दाबलं तर ढालीऐवजी भलताच वेग पदरात पडतो.

वेगाची हाव

वेग एकदा वाढवला की या भागात मरेपर्यंत कमी होत नाही. (पुढे 'ग्रेडियस ३' मध्ये वेग उतरवण्याची सोय आली, ती उगाच नव्हे.) एक वेग कमी पडतो, तीनच्या वर यान हातातून निसटायला लागतं: अरुंद बोगद्यात बोटभर वर जायचं असतं आणि यान थेट छताला जाऊन धडकतं. बहुतेकांना दोन पुरतात. सहाव्या स्टेजला स्क्रीन भरधाव पळते, तिथे तिसरा घ्यावासा वाटेल. घ्या, पण त्या स्टेजच्या आधी सरळ मोकळ्या जागेत दहा-वीस सेकंद यान हलवून हात बसवून घ्या.

ऑप्शन नुसते मागे ओढत नेणं

चार ऑप्शन जमले तरी मारा तोकडा वाटतो, अशी तक्रार असेल तर तुमचे ऑप्शन एका रेषेत तुमच्यामागे लोळत आहेत. ऑप्शन तुमच्या यानाने काढलेल्या वाटेवरूनच चालतात, आणि तुम्ही थांबलात की तेही जिथल्या तिथे थांबतात. सगळी मेख इथे आहे. खालून सरळ वर गेलात आणि थांबलात तर चारही ऑप्शन उभ्या रांगेत लागतात, आणि लेझरचे पाच पट्टे अर्धी स्क्रीन झाडून काढतात. बॉससमोर, म्हणजे स्टेजच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूसमोर, उलटं: थोडंसं पुढे-मागे करून सगळे एकाच उंचीवर आणा म्हणजे पाचही लेझर त्याच्या कोअरवर, म्हणजे गाभ्यावर, पडतील.

तिसऱ्या स्टेजला, स्फटिकांच्या जगात, याची खरी परीक्षा होते. मोठा स्फटिक फोडला की त्याचे तुकडे होतात, तुकडे तरंगत इकडेतिकडे जातात, आणि वर-खाली पळत गोळ्या मारत सुटलेला खेळाडू स्वतःच फोडलेल्या तुकड्यांत कोंडला जातो. इथे पळापळ करू नका. ऑप्शन तुमच्या वर-खाली थोडे पसरून लावा, एक उंची धरा, आणि समोरची एकच गल्ली साफ करत राहा. बाजूचे स्फटिक तुम्हाला काही करत नाहीत, त्यांना डिवचायचं कशाला?

ऑप्शन भरपूर झाले की ऑप्शन हंटर नावाचा भामटा मागून, डावीकडून येतो आणि ते पळवून नेतो. त्याला मारता येत नाही, गोळ्या फुकट घालवू नका. तो तुमच्या उंचीवर येतो हे ध्यानात ठेवून त्याला एका टोकाला बोलवायचं आणि ऐनवेळी ऑप्शनसकट दुसऱ्या टोकाला निघून जायचं.

हत्यारांचा संच आणि ढाल

सुरुवातीला चार संचांपैकी एक निवडावा लागतो. पहिल्या दोनांत लेझर आहे, नंतरच्या दोनांत रिपल, म्हणजे पुढे जाताना मोठी होत जाणारी कडी. रिपल बघायला आणि वापरायला सोपी वाटते, चुकीचा नेमही खपतो. पण मला शेवटच्या किल्ल्यात लेझरच हवा. ढालीत समोरची ढाल आणि पूर्ण यानाभोवतीचं फोर्स फील्ड असे दोन पर्याय आहेत. मागून किंवा वरून काही आलं तर समोरची ढाल शोभेची वस्तू. नवीन असाल तर फोर्स फील्ड, फार विचार नको.

मेल्यानंतर जुन्यासारखं खेळणं

लोक गेम सोडतात ते इथे. यान फुटलं की गेम तुम्हाला मागच्या ठरलेल्या जागी नेऊन सोडतो. हत्यारं शून्य, वेग नाहीच, बंदूक साधी. आणि समोर मात्र तीच स्टेज, जी पाच मिनिटांपूर्वी तुम्ही चार ऑप्शन घेऊन आरामात पार करत होतात. जपानी खेळाडू या परत उभं राहण्याला 'फुक्कात्सु' म्हणतात आणि प्रत्येक जागेची ठरलेली वाट पाठ करतात. आपल्याकडे मात्र सगळे पहिल्या स्टेजपासून पुन्हा पुन्हा खेळतात, त्यामुळे पहिली स्टेज तोंडपाठ आणि चौथीच्या मधून उठायचं कसं याचा पत्ता नाही.

एक दिलासा आहे. जितकी हत्यारं जास्त आणि जितका वेळ न मरता खेळाल, तितका गेम गुपचूप कठीण होत जातो, शत्रू जास्त गोळ्या मारतात. मेल्यावर तो थोडा नरम पडतो. ती सवलत पहिल्या अर्ध्या मिनिटात वापरायची. आधी एकच प्रश्न विचारा: इथून पुढच्या पहिल्या कॅप्सूल कुठे आहेत? पहिली मिळाली की वेग, ताबडतोब, कारण त्या रांगत्या यानाने काहीच चुकवता येत नाही. त्यानंतर दोन कॅप्सूल जवळ असतील तर मिसाइल. समोर छतावरच्या तोफा असतील तर वर जिला नावं ठेवली ती डबल इथे उपयोगी पडते, कारण तिरकी गोळी तीच मारते. पाच कॅप्सूल जमण्याची वाट बघत नागड्या यानाने थांबणं हा जुगार आहे. मात्र चार जमल्या असतील आणि पाचवी डोळ्यांसमोर असेल, तर दात-ओठ खाऊन थांबा.

आणखी एक बारकी गोष्ट. स्क्रीनवर एका वेळी तुमच्या मोजक्याच गोळ्या राहू शकतात. आधीच्या कशाला तरी लागल्याशिवाय किंवा स्क्रीनबाहेर गेल्याशिवाय नव्या सुटत नाहीत. म्हणून साध्या बंदुकीने मारताना शक्य तिथे शत्रूच्या जवळ जा. गोळी पटकन लागते, दुसरी पटकन सुटते. लांबून मारणारा निम्म्या वेगाने गोळ्या झाडत असतो आणि त्याला वाटतं बटण खराब झालंय.

सरावाच्या मोडमध्ये स्टेज निवडून, हत्यारं न घेता, अधल्यामधल्या जागेवरून खेळा. रिवाइंडने मात्र हे शिकता येत नाही. मरण आलं की पाच सेकंद मागे, पुन्हा मागे, असं करत शेवट बघता येतो, मजाही येते, पण उभं राहायची सवय लागत नाही.

क्विक सेव्हचा फास

गोळी नाकासमोर असताना सेव्ह केलं की लोड केल्या केल्या मरण. जुना सेव्ह पुसला गेला असेल तर खेळच अडकला. सेव्ह करण्याआधी स्क्रीनच्या उजव्या कडेकडे एकदा बघा आणि स्टेज सुरू होतानाचा सेव्ह कधीही पुसू नका.

बटण दाबतोय, यान ऐकत नाही

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा; एरवी टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो. वायरलेस कंट्रोलर असेल तर एकदा वायर लावून फरक बघा. कीबोर्डवर तिरकं जाताना गोळी बंद पडत असेल तर गेमचा दोष नाही, स्वस्त कीबोर्ड काही तीन बटणं एकत्र ओळखत नाहीत. गोळीचं बटण दुसऱ्या की वर न्या. गोळीला ऑटोफायर लावा, म्हणजे बटण नुसतं धरून ठेवलं की गोळ्या सुटत राहतात, अंगठा वाचतो. चित्र ताणून पूर्ण रुंद केलं असेल तर मूळ प्रमाणात आणा, अंतराचा अंदाज त्यानेच चुकतो.

गेम मध्येच संथ होतो ही तक्रार 'ग्रेडियस ३' च्या सुपर निन्टेन्डो आवृत्तीबद्दल असेल तर मशिन तपासत बसू नका. ती मुळातच तशी आहे, प्रोसेसरला तो पसारा झेपत नव्हता. २०१९ मध्ये ब्राझीलच्या व्हिटर व्हिलेला या प्रोग्रॅमरने पॅच काढून तो संथपणा घालवला. गंमत म्हणजे त्यानंतर गेम आणखी कठीण झाला, कारण त्या संथपणातच लोक गोळ्या चुकवत होते.

वर-वर-खाली-खाली

वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी असा सुरू होणारा, खेळ सोपा करणारा हा बटणांचा गुप्त कोड नव्वदच्या दशकात कॅसेटवर कॉन्ट्रा खेळलेल्यांना पाठ असतो. त्याचा जन्म मात्र ग्रेडियसचा. १९८६ मध्ये पहिला भाग फॅमिकॉमवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःचाच गेम तपासताना जड जात होता, म्हणून त्यांनी तो घातला. आर्केडच्या ग्रेडियस २ मध्ये तो चालत नाही. आणि सुपर निन्टेन्डोवरच्या ग्रेडियस ३ मध्ये जुन्या सवयीने डावी-उजवी दाबलीत तर यान आपोआप फुटतं. तिथे डावी-उजवीऐवजी कंट्रोलरच्या वरच्या कडेची एल आणि आर बटणं दाबायची. कोनामीवाल्यांचा खट्याळपणा, दुसरं काय.

शेवटचा किल्ला

सातव्या स्टेजला बॉसची रांग लागते. त्यात 'सॅलमँडर' या कोनामीच्याच गेममधले गोलेम, टेट्रान आणि इन्ट्रूडरही भेटतात; तो गेम खेळला असेल तर अर्धा अभ्यास झालेला आहे. आठव्यात किल्ला, आणि त्याच्या शेवटी तो चालणारा खेकडा, शॅडो डान्सर. त्याच्यावर गोळ्या झाडत बसणं ही शेवटची मोठी चूक: तो मरत नाही. त्याच्या पायांकडे बघत राहायचं, पाय उचलला की मधून सटकायचं. जास्तीचा वेग घेतलेले खेळाडू इथेच पायाला धडकतात.

पुढे गोफर, शेवटचा बॉस. तो पडला की गेम पहिल्या स्टेजपासून पुन्हा सुरू होतो, आणि या वेळी मेलेले शत्रूही जाता जाता तुमच्याकडे गोळी सोडतात. तेव्हा पहिल्या फेरीत लावलेली जवळ जाऊन मारायची सवय मोडा: अगदी नाकासमोर आलेल्या शत्रूला मारू नका, बाजूने जाऊ द्या.